शाल अमरावतीला, खांदे अकोल्याला

“हार फोटोले घालू नको म्हणते ना मी. बाजूले ठेव. फोटोले हार कवा घालतेत, समजत नाही काय तुले?”

आत्या पुढच्या खोलीत फोनवर बोलत होती. पलीकडे माझे बाबा होते, अमरावतीला. आत्या त्यांची मोठी बहीण, म्हणून ती त्यांना असं बोलू शकायची. मी मागच्या खोलीत तिच्या साडीला इस्त्री करत होते. ज्या फोटोबद्दल हे चाललं होतं तो माझा होता.

रविवार होता. थोड्या वेळानं माझा सत्कार होता, अमरावतीला आमच्या घरी, आणि मी अकोल्यात आत्याच्या फ्लॅटमध्ये होते. आत्या न्हाणीत पाय घसरून पडली, पायाला प्लास्टर लागलं, आणि तिचा मुलगा बाहेरगावी असल्यामुळे तिच्या सोबतीला मला पाठवलं. चार दिवसांचे कपडे घेऊन आले होते. तेवढ्यात कोरोनाचे रुग्ण वाढले आणि अमरावती आणि अकोला, दोन्ही शहरं पुन्हा बंद झाली. एसटी बंद, आणि पास मिळवायचा तर कारण लागायचं. सत्कार हे कारण नव्हतं.

बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा बाबांनी आमच्या कॉलनीतला छोटा हॉल ठरवला होता. वर्षानुवर्षं ते दुसऱ्यांच्या मुलांच्या सत्काराला गेले होते, तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, चिवडा-पेढा खाऊन घरी आले होते. आल्यावर ते पंख्याखाली बसून किती वेळ सदऱ्याची बटणं काढायचे नाहीत. आता त्यांची पाळी होती. हॉल गेला तरी सत्कार ते सोडणार नव्हते.

काकांनी फोनवरून कार्यक्रम करू असं सुचवलं. काका भातकुलीजवळ शाळेत शिक्षक आहेत आणि आमच्याकडच्या प्रत्येक बारशा-लग्नात, निरोप समारंभात सूत्रसंचालन करतात. ऑनलाइन वर्ग घेऊन घेऊन त्यांना सगळी बटणं पाठ झाली होती. पण बाबांची अडचण वेगळी होती. शाल खांद्यावर हातानं घालावी लागते, नारळ हातात द्यावा लागतो. स्क्रीनकडे बघून शाल दाखवली म्हणजे सत्कार झाला, हे त्यांना पटेना. शाल अमरावतीला, खांदे अकोल्याला.

मग त्यांनीच तोड काढली. खुर्चीवर माझा फोटो ठेवायचा आणि त्याचा सत्कार करायचा.

फोटो परीक्षेच्या फॉर्मसाठी काढलेला होता, मोठा केलेला. त्यात मी हसत नाही. फ्रेमची दुकानं बंद होती, म्हणून बाबांनी भिंतीवरून आजोबांचा फोटो उतरवला, मागचे खिळे काढले आणि त्या फ्रेममध्ये मला बसवलं. “आजोबाले तेवढ्यापुरतं कपाटात ठेवलं,” आईनं मला फोनवर सांगितलं होतं. आवाजावरून कळत होतं की तिला हे आवडलेलं नाही, पण ती तसं म्हणाली नाही. आई बऱ्याच गोष्टी म्हणत नाही. ते मी तिच्याकडूनच उचललं असावं.

पण तेव्हा माझ्या डोक्यात फोटो नव्हता. माझ्या डोक्यात सोमवार होता.

चिखलदऱ्याला एक लहानशी संस्था आहे. मेळघाटातल्या गावांत जाऊन जुन्या वाणांचं बी गोळा करते, कुटकी-साव्यासारख्या भरडधान्यांचं, रानातल्या भाज्यांचं, आणि ते दर वर्षी पेरून जिवंत ठेवते. त्यांना वनस्पतिशास्त्र शिकलेलं कोणीतरी हवं होतं, वर्षभरासाठी. मी कोणाला न सांगता अर्ज केला होता. मुलाखत आत्याच्या गच्चीवर फोनवरून दिली, कपडे वाळत घालायच्या निमित्तानं. पलीकडच्या बाईंनी मला ‘स्वतःबद्दल सांगा’ असं म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, कुठल्या दोन गवतांत तुझी नेहमी गल्लत होते? मी सांगितलं. त्या हसल्या, म्हणाल्या, माझीपण. मग विचारलं, “एकटं राहता येईल का? वर पावसाळ्यात आठ-आठ दिवस धुकं हटत नाही.” मी हो म्हटलं. इतक्या पटकन मी कोणाला कधी उत्तर दिल्याचं मला आठवत नाही.

सोमवारी सकाळी त्यांना पक्का होकार द्यायचा होता, नाहीतर त्या दुसऱ्या मुलीला बोलावणार होत्या.

हे फक्त आईला माहीत होतं. मी तिला गुरुवारी सांगितलं. ती म्हणाली, “बाबांले मी सांगतो बरोबर वेळ पाहून.” शुक्रवारी वेळ बरोबर नव्हती. शनिवारी बाबांनी मला स्वतः फोन केला आणि खुशीत सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या कॉलेजात माझी बी.एड.ची जागा पक्की झाली आहे, घरापासून स्कूटीनं जाण्याएवढं जवळ, आणि ते उद्या सत्कारात सगळ्यांसमोर जाहीर करणार आहेत. मी म्हणाले, “बाबा, एक मिनिट.” ते म्हणाले, “आत्याले दे फोन.” मी दिला.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. चारचौघांत बोललेलं आमच्याकडे कोणी मागे घेत नाही. माझ्या चुलत भावाच्या बारशाला बाबांची कोणीतरी थट्टा केली, तेव्हा ते पंगतीत उभे राहून म्हणाले की आजपासून तंबाखू बंद. पुडी तिथेच पत्रावळीत टाकली. पुढे महिनाभर त्यांचे हात थरथरायचे, पण तंबाखू पुन्हा घरात आली नाही. ही रीत मला तोपर्यंत चांगलीच वाटत होती. आता मला कळत होतं की तिच्यात दुसऱ्याबद्दल बोललेलंही येतं. बाबांनी माझं बी.एड. एकदा पन्नास नातेवाइकांसमोर उच्चारलं की ते घडलेलंच असणार होतं, आणि त्यानंतर मी नाही म्हणणं म्हणजे बाबांना सगळ्यांसमोर खोटं पाडणं.

“झाली काय वं इस्त्री?” आत्यानं वाटीवर चमचा वाजवला. मला बोलवायची तिची ती पद्धत होती. प्लास्टर लागल्यापासून ती वाटी तिच्या उशाशीच असायची. मी साडी घेऊन गेले.

“वरून नेस, खाली सलवार राहू दे. खालचं कोण पाहते.” तिनं मला निरखून बघितलं. “अन् तोंड असं नको करू. दहावा नाही, सत्कार आहे.”

आत्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी आडवे बांधलेले बांबू. तिनं मला खिडकीकडे पाठ करून बसवलं, मागे तिचा चांगला पडदा लावला. मग म्हणाली, “मनोगत म्हणून दाखव.”

सत्कार झाला की ज्याचा सत्कार त्यानं दोन शब्द बोलायचे, त्याला मनोगत म्हणतात. माझं मनोगत काकांनी लिहून पाठवलं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. घरात मीही मले-तुलेच करते, पण छापील मराठी मोठ्यानं वाचायची वेळ आली की मी अडखळते. लहानपणी पाहुणे आले की मला ‘इंग्रजीत बोलून दाखव’ म्हणायचे, आणि आता मराठीत बोलून दाखवायचं होतं. दोन्ही वेळा शब्द दुसऱ्याचेच. काकांच्या मनोगतात माझे आईवडील दीपस्तंभ होते, मी त्यांच्या अंगणातली वेल होते, आणि शेवटी एक वाक्य होतं, ‘शिक्षिका होऊन बाबांचे स्वप्न साकार करण्याचा मी आज संकल्प करीत आहे.’ ते वाक्य सोडून मी बाकीचं वाचून दाखवलं.

“शेवटचं राहिलं,” आत्या म्हणाली. कागद तिच्या हातात नव्हता. काकांनी तिलाही पाठवलं होतं, आणि तिचं पाठ झालं होतं.

कार्यक्रम सुरू झाला. आत्याच्या मुलानं जाताना मागे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर माझी चौकट होती, कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. काकांनी पहिलं काम केलं ते सगळ्यांचा आवाज बंद करण्याचं. “शिस्त पाळू या,” ते म्हणाले. शाळेतल्या पोरांना गप्प बसवायला शिकलेली ती युक्ती होती. आपण बटण दाबलं तरी आपला आवाज उघडत नसे, काकांनी उघडला तरच उघडे. माझ्यासाठी ते म्हणाले, “सत्कारमूर्तींना मनोगताच्या वेळी आपण आमंत्रित करूच.” मी दोनदा बटण दाबून बघितलं. काही झालं नाही.

मग त्यांनी आमच्या घराची चौकट सगळ्यांसमोर मोठी केली, आणि मी स्वतःला बघितलं.

बैठकीच्या खोलीत आमची चांगली खुर्ची, तिच्यावर मी, आजोबांच्या काळ्या फ्रेममध्ये. आत्याचं ऐकून हार बाजूला ठेवला होता, पण आजोबांच्या फ्रेमच्या माथ्यावर जो छोटा लाल दिवा आहे, तो काढायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. उलट कोणीतरी उत्साहानं त्याची वायर बोर्डात लावली होती. दिवा लागला होता. समोर उदबत्ती होती. आईनं फोटोच्या काचेला कुंकू लावलं, बाबांनी शाल उलगडली आणि फ्रेमच्या दोन्ही कोपऱ्यांवरून नीट सारखी केली. नारळ ठेवायला हात नव्हते म्हणून त्यांनी तो खुर्चीत टेकवला. तो घरंगळला, आईनं पकडला. बाबा मागे सरले आणि हात जोडून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मला हसू येत होतं. मी इथे पडद्यासमोर अर्धी साडी नेसून बसले होते आणि तिथे माझ्यावाचून काहीच अडलं नव्हतं. कदाचित मी असते तर अडलं असतं. मी शालीखाली आखडून उभी राहिले असते.

लहान चौकटींपैकी एकीत मला माझी मोठी मावशी दिसली, अंजनगाव सुर्जीची. ती उशिरा आली होती. तिनं फोन तोंडाजवळ आणला, मग एकदम दूर नेला. तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते. तिला आवाज येत नसावा, नुसतं चित्र. तिनं बघितलं ते एवढंच: कुंकू लावलेला फोटो, लाल दिवा, उदबत्ती, हात जोडून रडणारे बाबा. ते दिवसच तसे होते. फोन वाजला की आधी कोण गेलं, हेच मनात यायचं.

मी हात हलवला. माझी चौकट एवढी लहान होती की तिला दिसणं शक्य नव्हतं. पुन्हा बटण दाबलं. “काय करून राहिली?” आत्यानं दटावलं, आणि तेवढ्यात आत्याचा फोन वाजला.

“बोला, विहीणबाई,” आत्या म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “कोण गेलं? … अवं, कोठी जाते ते, सगळं बंद आहे. माह्यासमोर बसली आहे साडी नेसून. … सत्कार आहे तिचा, सत्कार. … दिवा? कोणता दिवा?” तिनं लॅपटॉपकडे मान वाकवून बघितलं. बराच वेळ बघितलं. “येडा आहे आमचा भाऊ,” ती हळू आवाजात म्हणाली, “मी हाराचं सांगितलं, त्यानं दिवा लावला.” आणि फोन माझ्या हातात दिला.

मावशीचा श्वास लागला होता. “बोल वं बाई,” ती म्हणाली. “काही तरी बोल. आवाज आयकू दे तुहा.”

“हो,” मी म्हणाले.

“अजून बोल.”

“हो, मावशी. मी आहे.”

ती पुन्हा रडायला लागली आणि तिनं फोन ठेवला. मी आत्याचा फोन परत दिला.

तिकडे बाबा बोलायला उभे राहिले होते. मी माझ्या फोनवरून घाईघाईनं आईला लिहिलं: ‘आई, बाबांना थांबव. बी.एड.चं बोलू देऊ नको. मला जायचं आहे.’ पाठवल्यावर माझ्या लक्षात आलं की कार्यक्रम आईच्याच फोनवर चालू आहे. पुस्तकांच्या ढिगावर टेकवलेला तो फोन, आणि माझे शब्द त्याच्या माथ्यावर उमटले असणार. आईनं मान वर केली. तिनं सरळ माझ्याकडे, म्हणजे फोनकडे बघितलं, ओठ न हलवता वाचलं. बाबांनी जवळचा चष्मा लावला नव्हता. मग तिनं नजर खाली घेतली आणि फोटोवरची शाल, जी जागची हलली नव्हती, ती पुन्हा एकदा सारखी केली.

मला तिचा राग आला नाही. मीही तेच केलं असतं, हे मला दिसत होतं.

बाबा प्रमाण मराठीत बोलत होते, ऑफिसातल्या निरोप समारंभात बोलतात तसे. वनस्पतिशास्त्रात कॉलेजात पहिली. आमच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी. “आणि आज या निमित्ताने मी आपणा सर्वांसमोर जाहीर करतो, की आमची मुलगी आता बी.एड. करणार आहे. प्रवेश झालेला आहे. इथेच, अमरावतीत, आमच्या डोळ्यांसमोर.” मग ते खुर्चीकडे वळले, आणि माझ्याशी लहानपणी बोलायचे त्या आवाजात फोटोला म्हणाले, “काहून बाई, बरोबर आहे ना?”

सगळ्या चौकटींमधली माणसं हसली. आवाज बंद होते, नुसते दात दिसले. काका म्हणाले, “मौन म्हणजे संमती, मंडळी.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांचाही आवाज आला नाही.

मी बाबांकडे बघत होते. ते फोटोकडे बघत होते आणि त्यांना खरंच उत्तर मिळालं होतं. त्यात लबाडी नव्हती. एवढी वर्षं मी त्यांना असंच उत्तर देत आले होते. दहावीनंतर कुठली शाखा, कुठलं कॉलेज, मैत्रिणींबरोबर सहलीला जायचं की नाही. दर वेळी ते विचारायचे, दर वेळी मी त्या फोटोतल्यासारखी बघायची, आणि ते त्यांना बरोबर वाटेल ते करायचे. त्या खुर्चीवर जे बसलं होतं ते बऱ्यापैकी माझ्यासारखंच होतं.

“आता सत्कारमूर्तींनी आपलं मनोगत व्यक्त करावं,” काका म्हणाले. लॅपटॉपवर आवाज बंद असल्याचं छोटं लाल चिन्ह होतं ते गेलं. माझी चौकट मोठी झाली. मला माझा श्वास ऐकू आला, खोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकू आला, आणि तो पन्नास घरांत जातोय हे कळलं.

काकांचा मजकूर लॅपटॉपच्या बाजूला टेकवलेला होता. आत्या कॅमेऱ्याबाहेर, पाय उशीवर ठेवून, ओठांनी मला पहिला शब्द देत होती. “आदरणीय…”

“आदरणीय,” मी म्हणाले.

पुढचा शब्द ‘व्यासपीठ’ होता. तो मी बघितला. बाबा वाट बघत होते, नवा सदरा घालून, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मला वाटलं, हे वाचून टाकावं आणि नंतर आईकरवी सांगावं. लगेच कळलं की नंतर असं काही नसतं. आईचं नाव घ्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

“बोल ना वं,” आत्या कुजबुजली.

“बाबा,” मी म्हणाले, “मी बी.एड. नाही करणार. तुमी सगळ्यायसमोर सांगितलं, म्हणून मीबी सगळ्यायसमोर सांगतो. मले चिखलदऱ्याले काम भेटलं आहे, बियांचं. एक वर्षाचं आहे, तिथं एकटं राहा लागते. मले ते पाहिजे. उद्या सकाळी मी त्यायले हो म्हणणार आहे.”